कोकोचे रोप आणि त्याच्या मुळांभोवतालचे माध्यम

कोकोचे बी साठवून ठेवता येत नाही. गहू, हरभरा किंवा कापूस यांचे बी वाळवून पुढील हंगामापर्यंत राखता येते. कोकोच्या बीमधील पाण्याचा अंश एका मर्यादेखाली उतरला, किंवा तपमान फार खाली गेले, की त्यातील गर्भ मरतो. रेडिंग विद्यापीठातील ई. एच. रॉबर्ट्स यांनी 1973 साली साठवणीच्या दृष्टीने बियांचे जे दोन वर्ग केले, त्यांपैकी साठवण न सोसणाऱ्या वर्गाचे कोको हे ठळक उदाहरण होय. फळ फोडल्यावर थोड्याच दिवसांत बी पेरावे लागते. पाऊस मात्र फळांच्या सोयीने येत नाही. ह्यास्तव भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर डिसेंबर-जानेवारीत बी पिशवीत टोचावयाचे व चार ते सहा महिन्यांचे रोप मे-जूनमध्ये बागेत लावावयाचे, अशी पद्धत रूढ झाली आहे. ह्या चार-सहा महिन्यांत रोपाची सर्व मुळे सुमारे दीड लिटर घनफळाच्या आत कोंडलेली असतात. त्या घनफळात जे द्रव्य भरलेले असते, मग ते माती असो, भुसा असो वा खत असो, त्यास प्रस्तुत लेखात 'माध्यम' असे म्हटले आहे.

माध्यमांवरील प्रयोगांची मांडणी बहुधा ठरावीक असते. चार-सहा मिश्रणे घ्यावयाची, प्रत्येकात काही बिया टोचावयाच्या, 90 किंवा 120 दिवसांनी उंची, पाने व खोडाची जाडी मोजावयाची, आणि ज्या मिश्रणातील आकडे मोठे ते श्रेष्ठ ठरवावयाचे. अशा प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी क्वचितच जुळतात. एके ठिकाणी गांडूळखताचे मिश्रण पहिले येते. दुसऱ्या ठिकाणी तेच साध्या मातीच्याही मागे पडते. ह्यात प्रयोगकर्त्यांचा दोष असतोच असे नाही. शेणखत, वाळू, माती, भुसा ही व्यवहारातील नावे आहेत, आणि एकाच नावाखाली अगदी भिन्न गुणधर्मांचे पदार्थ मोडतात. दोन गोठ्यांतील शेणखत सारखे नसते. नदीची भरड वाळू व खाडीकाठची बारीक वाळू यांचे पिशवीतील वर्तन परस्परविरुद्ध असते. तेव्हा 'कोणते मिश्रण उत्तम' हा प्रश्न विचारण्यापूर्वी त्या मिश्रणात रोपाच्या मुळांवर काय ओढवते, हे पाहिले पाहिजे.

प्रथम रोपाकडे वळू. कोकोच्या एका फळात साधारणपणे 30 ते 45 बिया आंबट-गोड, बुळबुळीत गरात लपेटलेल्या असतात. बी रुजताना दलिकांखालचा अक्ष लांबतो व दोन्ही जाड दलिका जमिनीबाहेर उचलल्या जातात. त्या उघडल्यावर पहिली चार पाने जवळजवळ एकाच पातळीवर येतात आणि मग रोप थबकते. पुढील वाढ लाटेलाटेने होते: पालवीची एक लाट, मग विराम, पुन्हा एक लाट. ग्रेटहाउस, लेट्श व फिनी यांनी 1971 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून ही लय बाह्य परिस्थिती स्थिर ठेवली तरी टिकते, म्हणजे ती रोपाच्या अंगचीच आहे, असे दिसून आले. दुसरी गोष्ट अशी की, दलिकांमध्ये भरपूर अन्नसाठा असतो. वाळलेल्या बीच्या मगजात निम्म्याच्या आसपास चरबीच असते. आरंभीचे काही आठवडे रोप ह्या शिदोरीवर जगते. त्यामुळे पहिल्या महिन्या-दीड महिन्यातील उंची माध्यमाच्या सुपीकतेविषयी फारसे सांगत नाही. बीच्या वजनाविषयी ती अधिक सांगते. माध्यमातील हवा आणि पाणी यांचा परिणाम मात्र पहिल्या दिवसापासून होत असतो, कारण मुळांना लागणारा प्राणवायू दलिकांतून मिळत नाही. पोषणाच्या आधी मुळांना श्वास घेता आला पाहिजे, हा क्रम रोपवाटिकेत वारंवार विसरला जातो.

पिशवीतील माती आणि शेतातील माती यांत जो भेद आहे, तो वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांस सहसा शिकविला जात नाही; म्हणून तो येथे थोडा विस्ताराने सांगणे इष्ट होईल. शेतात पाऊस पडला की वरच्या थरातील पाणी खालची कोरडी माती आपल्याकडे ओढून घेते, आणि वरची मोठी छिद्रे रिकामी होऊन त्यांत हवा शिरते. पिशवीच्या तळाखाली ओढून घेणारी माती नसते. तळाला भोके असली तरी केशाकर्षणाने धरलेले पाणी त्यांतून आपोआप बाहेर पडत नाही. तळाच्या थरातील छिद्रे पूर्ण भरल्यावर जे अधिक होईल तेवढेच निथळते. परिणामी पाणी दिल्यानंतर तळाशी एक पूर्ण भिजलेला, जवळजवळ निर्वात असा थर उरतो. ह्या थराची जाडी माध्यमातील छिद्रांच्या आकारावर अवलंबून असते, पिशवीच्या उंचीवर नाही. भरड माध्यमात ती बोटभर असेल, तर चिकण मातीत पिशवीचा बराचसा भाग व्यापील. उंच पिशवीत ह्या थरावर हवेशीर थर पुष्कळ उरतो, ठेंगण्या पिशवीत थोडाच. म्हणजे तेच मिश्रण उंच पिशवीत चांगले आणि बसक्या पिशवीत वाईट ठरू शकते.

ज्यांस हे पटत नसेल त्यांनी स्पंजाचा एक लांबट तुकडा पाण्यात पूर्ण भिजवून आडवा धरावा. पाणी ठिबकणे थांबले की तोच तुकडा उभा करावा. लगेच आणखी पाणी गळू लागेल. स्पंज तोच, छिद्रे तीच. बदलली ती केवळ उंची. ह्याच कारणाने कुंडीच्या तळाशी खापऱ्या किंवा खडी घालण्याची आपल्याकडील जुनी रीत निचऱ्यासाठी निरुपयोगी आहे. बारीक मातीतील पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. भिजलेला थर फक्त खडीच्या वर सरकतो, आणि मुळांसाठी उरलेली हवेशीर जागा तेवढी कमी होते.

कोकोचे सोटमूळ सर्वांआधी ह्या तळाच्या थरात पोहोचते. तेथे हवा नसेल तर त्याचे टोक तपकिरी पडून मरते. बाजूची मुळे वरच्या थरात पसरतात आणि पाने काही काळ हिरवीगार राहतात, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्यास काहीच कळत नाही. रोपवाटिकेतील सुमारे निम्म्या सावलीत पाण्याची गरज बेताची असल्याने हे दुखणे आणखी काही दिवस झाकले जाते. त्यातच सतत ओल्या माध्यमात फायटॉप्थोरा पामिव्होरा ह्या रोगकारकाचे फावते; त्याचे बीजाणू मोकळ्या पाण्यात पोहत जाऊन मुळे व कोवळे खोड गाठतात.

भारतात कोकोचे रोप प्रथम 1798 साली तमिळनाडूतील कुर्तालम येथे आणले गेले असे नमूद आहे. तथापि व्यापारी लागवडीचा आरंभ 1960 नंतरचा. 1965 साली वायनाडमधील चुंडेल येथे कॅडबरी कंपनीने प्रात्यक्षिक बाग उभारली, आणि पुढे विट्टल येथील केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेचे केंद्र व केरळ कृषी विद्यापीठ यांनी नारळ-सुपारीच्या बागांतील आंतरपीक म्हणून कोकोचा अभ्यास केला. आपल्याकडे सर्वाधिक प्रचारात असलेले माध्यम म्हणजे माती, वाळू व शेणखत यांचे समभाग मिश्रण. पिशवीचे माप 25 × 15 सें.मी. ह्या मिश्रणाने पश्चिम किनाऱ्यावर चांगले काम दिले, पण त्याचे श्रेय समभागाला देणे घाईचे ठरेल. तेथील जांभ्याची माती मुळात कणीदार असते, तिच्या लोहयुक्त कणांचे गोळे पाण्यात सहज विरघळत नाहीत, आणि वाळू बहुधा नदीची भरड असते. तेच प्रमाण घेऊन देशावरील काळ्या मातीत कोणी रोपे केली तर ती माती ओली होताच फुगून छिद्रे बुजवील आणि वाळताना पिशवीच्या कडेने भेगा पाडील. शिवाय चुनखडीयुक्त काळ्या मातीचा सामू कोकोस मानवणाऱ्या मर्यादेबाहेर जातो. साडेसहाच्या आसपासचा सामू ह्या पिकास उत्तम, आणि तो आठाकडे झुकला की कोवळ्या पानांत लोहाच्या अभावाचा पिवळेपणा दिसू लागतो.

वाळूविषयी एक गैरसमज प्रचलित आहे. चिकण मातीत थोडी वाळू घातली की ती मोकळी होते, असे मानतात. वस्तुतः थोड्या वाळूचे कण मातीत मनुक्यांसारखे रुतून बसतात. छिद्रे वाढत नाहीत, उलट एकूण सच्छिद्रता घटते. वाळूचे कण एकमेकांस टेकू लागतील इतके तिचे प्रमाण झाले तरच त्यांच्यामध्ये मोठ्या पोकळ्या तयार होतात. बारीक वाळू तर तेव्हाही उपयोगी पडत नाही. ह्याच कारणाने एक पाटी वाळू व एक पाटी माती मिसळून दोन पाट्या मिश्रण कधीच होत नाही, आणि जी तूट येते ती पोकळ्यांची. प्रयोगाच्या टिपणात घटकांच्या प्रमाणाबरोबर ही तूटही नोंदवावी.

शेणखत व गांडूळखत यांच्याविषयी थोडक्यात सांगता येईल. पूर्ण कुजलेले शेणखत नत्र, स्फुरद व पालाश हळूहळू पुरविते आणि मातीचे कण बांधते. अर्धवट कुजलेले असेल तर पिशवीत तापते व हुमणीस आमंत्रण देते. गांडूळखत सकस खरे, पण त्याचे कण बारीक असल्याने त्याचा वाटा फार वाढविला की माध्यम दडपते आणि क्षारही वाढतात. जांभ्याच्या मातीत स्फुरद लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी बांधला जाऊन मुळांस मिळेनासा होतो, हे ध्यानात घेता तेथे सेंद्रिय खताचा विशेष लाभ का दिसतो हे कळते. कोकोच्या फळाचे टरफल हे फळाच्या वजनाच्या सुमारे तीन-चतुर्थांश भरते व पालाशाने समृद्ध असते. ते कुजवून रोपमिश्रणात वापरण्याचे प्रयत्न घाना व नायजेरिया येथे झालेले आहेत. ढीग पुरेसा तापला नाही तर काळ्या कुजीचा संसर्ग टरफलाबरोबर रोपवाटिकेत येतो, एवढी सावधगिरी पुरे.

अलीकडे सर्वत्र बोलबाला आहे तो काथ्याच्या भुशाचा, म्हणजे बाजारातील 'कोकोपीट'चा. येथे नावाचा एक घोटाळा मराठी वाचकापुढे उभा राहतो: कोकोपीटमधील 'कोको' नारळाचा, आणि आपल्या पिकाचा कोको निराळाच वृक्ष. इंग्रजीत दोहोंच्या लेखनात फरक आहे, देवनागरीत तो पुसला जातो. 'कोकोसाठी कोकोपीट' हे वाक्य त्यामुळे उगाचच स्वयंसिद्ध भासते. भुशाचे गुण मोठे आहेत. तो अत्यंत हलका असतो, आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो, आणि भरड असेल तर तरीही हवेस जागा ठेवतो. त्याचे दोषही तितकेच निश्चित आहेत. सोडणे खाडीच्या खाऱ्या पाण्यात कुजविलेली असतील तर भुशात मीठ उतरते. ताज्या भुशात टॅनिनसारखी द्रव्ये असतात. आणि त्याचे कर्ब-नत्र गुणोत्तर शंभराच्या आसपास असते. इतका कर्ब पचविण्यासाठी जंतू माध्यमातील नत्र स्वतःच ओढून घेतात व दलिकांची शिदोरी संपताच रोप खालच्या पानांपासून पिवळे पडू लागते. म्हणून भुसा गोड्या पाण्याने धुवावा, आणि अळिंबीच्या प्ल्युरोटस वंशातील बुरशी व युरिया यांच्या साहाय्याने सुमारे महिनाभर कुजवावा. तसे केल्यास ते गुणोत्तर पंचविसाच्या जवळपास उतरते. न धुतलेला, न कुजविलेला भुसा वापरून 'भुसा कोकोस मानवत नाही' असा निष्कर्ष काढणे म्हणजे कच्च्या तांदळावरून भाताची चव ठरविण्यासारखे आहे.

मातीऐवजी दुसरे काही शोधण्याची निकड पश्चिम आफ्रिकेत अधिक आहे. घानामध्ये 1936 साली कोकोच्या फांद्या सुजविणारा रोग प्रथम नोंदला गेला. पॉस्नेट यांनी 1940 साली त्याचे मूळ विषाणूत असल्याचे दाखविले, आणि तेव्हापासून रोगट झाडे तोडून नवी लावणे हाच मुख्य उपाय राहिला. तेथे त्यामुळे कोट्यवधी रोपे वाढवावी लागतात, आणि ती परंपरेने जंगलाच्या किंवा जुन्या बागांच्या वरच्या थरातील काळसर मातीत वाढविली जातात. हिशेब करून पाहू. 15 सें.मी. सपाट रुंदीच्या पिशवीचा भरल्यावर व्यास साडेनऊ सें.मी. होतो, 20 सें.मी. भरली तर तीत सुमारे 1.4 लिटर माती मावते. एक कोटी रोपांस ह्याच मापाने 14,000 घनमीटर माती लागेल, आणि ती वरच्या 15 सें.मी. थरातून खरवडली तर सव्वानऊ हेक्टर जमीन उघडी पडेल. देशाच्या मानाने हे क्षेत्र लहान आहे, हे कबूल केले पाहिजे. जमीन उजाड होते असा आक्रोश ह्या आकड्याने सिद्ध होत नाही. परंतु ती माती रोपवाटिकेच्या जवळचीच हवी असते, सर्वांत सकस थरातीलच हवी असते, आणि दर वर्षी ती अधिक दुरून आणावी लागते. तिचे वजन सतरा-अठरा हजार टन भरते. पिशवी डोक्यावरून बागेत नेणाऱ्यास दीड-दोन किलोंचा हा भार प्रत्येक रोपामागे सोसावा लागतो. हलक्या माध्यमाचा खरा फायदा येथे आहे.

जंगलाच्या मातीच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. कोकोच्या मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशा त्या मातीबरोबर पिशवीत येतात व स्फुरद मिळविण्यास साहाय्य करतात. निर्जंतुक केलेल्या किंवा निव्वळ भुशाच्या माध्यमात त्या नसतात. अर्थात त्याच मातीबरोबर सूत्रकृमी आणि रोगकारकही येतात. मूठभर निरोगी बागेची माती मिसळणे हा मधला मार्ग पुष्कळांनी स्वीकारला आहे.

घटक ठरावीक करून हा गुंता सोडविण्याचे प्रयत्न जुने आहेत. इंग्लंडमधील जॉन इनेस संस्थेत लॉरेन्स व न्यूवेल यांनी 1930 नंतरच्या दशकात लोम, पीट व वाळू यांचे 7 : 3 : 2 असे मिश्रण निश्चित केले. त्यात मातीचा वाटा मोठा असल्याने चांगली माती मिळेपर्यंतच ते यशस्वी ठरे. कॅलिफोर्निया विद्यापीठात बेकर व सहकाऱ्यांनी 1957 साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत माती वगळून बारीक वाळू व पीट एवढेच ठेवले, म्हणजे दर खेपेस तेच माध्यम पुन्हा तयार करता येईल. आपल्याकडे पीट नाही. त्याची जागा घेण्यास भुसाच सर्वांत योग्य दिसतो. परंतु त्यासाठी भुशाचे गुणधर्म मोजून सांगण्याची शिस्त हवी.

हे मोजमाप अवघड नाही. पिशवीइतक्याच उंचीचा, तळाला भोके असलेला एक डबा घ्यावा. भोके बुजवून तो माध्यमाने भरावा व पृष्ठभाग चकाकेपर्यंत हळूहळू पाणी घालावे. मग भोके उघडून निथळलेले सर्व पाणी मोजनळीत धरावे. निथळलेल्या पाण्याचे माध्यमाच्या घनफळाशी प्रमाण म्हणजे त्या उंचीच्या पात्रातील हवेचा वाटा. तो दहा टक्क्यांहून कमी भरला तर ते माध्यम कोकोसाठी संशयास्पद समजावे. ह्या एका आकड्याशिवाय कोणताही माध्यम-प्रयोग दुसऱ्या ठिकाणी तपासून पाहता येणार नाही.

प्रयोगाच्या मांडणीत तीन गोष्टींकडे आमच्या विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. कोकोची पुष्कळ झाडे स्वतःच्या परागांनी फळत नाहीत. म्हणून मोकळ्या परागणाच्या फळांतील बिया आनुवंशिक दृष्ट्या भिन्न असतात, आणि दोन फळांतील बियांच्या वजनातही फरक असतो. प्रत्येक फळ हा एक गट मानून त्यातील बिया सर्व माध्यमांत वाटाव्यात; चाळीस बियांचे फळ पाच माध्यमांत आठ-आठ बिया देते, आणि फळाफळांतील फरक माध्यमाच्या खात्यावर चढत नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. सर्व पिशव्यांस सारखेच पाणी देणे न्याय्य दिसते, पण ते तसे नाही: त्या मात्रेत वाळूचे रोप तहानलेले राहते आणि चिकण मातीचे गुदमरते. पिशव्यांचे वजन पाहून, प्रत्येक माध्यमाने धरलेल्या पाण्याचा ठरावीक अंश उडाल्यावरच पाणी द्यावे. तिसरी गोष्ट मोजणीच्या दिवसाची. एका रोपावर नुकतीच पालवीची लाट येऊन गेली असेल व दुसऱ्यावर येऊ घातली असेल, तर त्या दिवशीच्या उंचीतील फरक केवळ तिथीचा असतो. उंचीवर विसंबू नये, हे त्यामुळे अधिकच खरे. दाट सावलीत किंवा नत्राच्या अतिरेकाने रोप उंच व लुकडे होते, आणि उंचीच्या तक्त्यात तेच पहिले येते.

डिक्सन, लीफ व हॉस्नर यांनी 1960 साली स्प्रूस व पाइन यांच्या रोपांसाठी सुचविलेला निर्देशांक येथे उपयोगी पडतो. रोपाचे एकूण शुष्क वजन ग्रॅममध्ये घ्यावे, त्यास, सें.मी. मधील उंची भागिले मि.मी. मधील खोडाचा व्यास, अधिक शेंड्याकडील व मुळांकडील शुष्क वजनांचे गुणोत्तर, ह्या बेरजेने भागावे. लुकड्या किंवा अल्पमूळ रोपाचा निर्देशांक आपोआप उतरतो. त्यासाठी रोप उपटून धुवावे लागते, हे खरे. पण मुळे धुतल्याशिवाय तळाचे काळवंडलेले सोटमूळ, किंवा पिशवीच्या कडेने वेटोळे घातलेले मूळ, दिसणारच नाही.

आणि काही रोपे न उपटता बागेत लावून पाहिली पाहिजेत. जूनमध्ये लावलेल्या रोपास सप्टेंबरपर्यंत कोणतेही माध्यम पुरते, परीक्षा त्यानंतरची. निव्वळ भुशातील मुळांचा गोळा भोवतालच्या बारीक मातीत बसविला की ती माती त्यातील पाणी आपल्याकडे ओढते, आणि एकदा कोरडा झालेला भुसा सहजी पुन्हा भिजत नाही. कोकणात किंवा दक्षिण कन्नडमध्ये ऑक्टोबरची उन्हे तापू लागली की बाहेरची जमीन ओलसर असतानाही असे रोप मान टाकते. मातीचा काही अंश असलेल्या मिश्रणातील रोप, रोपवाटिकेतील तक्त्यात दुसरे-तिसरे आलेले असले, तरी ह्या वेळी टिकून राहण्याची शक्यता अधिक असते. कारण त्याच्या गोळ्यात व बाहेरील जमिनीत पाण्याचा दुवा तुटलेला नसतो आणि मुळे सीमा ओलांडून गेलेली असतात. म्हणून आमच्या मते माध्यमांच्या प्रयोगाचा शेवटचा स्तंभ 120 व्या दिवसाच्या उंचीचा नसावा. पुढील मे महिन्याच्या अखेरीस किती रोपे जिवंत आहेत, ह्याचा असावा.